खापरपणजोबांचा ठावठिकाणा

श्राद्धाला बसलेल्या यजमानाला गुरुजी तीन नावे विचारतात: वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे. तिसऱ्या नावाला बरेच जण चुलत्यांच्या तोंडाकडे बघतात. चौथे नाव कोणी विचारत नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत घराण्याची आठवण इथेच संपते. त्यापलीकडे असते ते एखादे वाक्य: ‘आपण मूळचे इथले नव्हे, मोठ्या दुष्काळात आलो’, किंवा ‘आपली भाऊबंदकी तिकडे ग्वाल्हेरला आहे म्हणतात’.

अलीकडे मात्र चौथ्या-पाचव्या पिढीची फार विचारपूस सुरू झाली आहे. जातीचा दाखला पडताळून घ्यायचा तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे कागद लागतात. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम पुढे राज्यभर गेले. तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना दिवस पुरेना, आणि कधी अभिलेख कक्षाची पायरी न चढलेली माणसे नकलेचा अर्ज घेऊन रांगेत उभी राहिली.

यातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. माणूस जातीचा रकाना बघतो, तेवढी नक्कल घेतो आणि घरी जातो. पणजोबा कोणत्या साथीत गेले, त्यांच्या मागे कोण उरले, जमीन कोणाकडे गहाण पडली, हे त्याच पानावर किंवा शेजारच्या वहीत असते. ते वाचायचे राहून जाते.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून गावोगावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवली. त्यामुळे तिथला शेतमजूरसुद्धा आपले घराणे कित्येक पिढ्या मागे नेऊ शकतो. आपल्याकडे अशी वही नव्हती. इथे कुणब्याचे नाव कागदावर चढले ते कोणाला तरी त्याच्याकडून काही हवे होते म्हणून, नाहीतर त्याचा कोणाशी तंटा होता म्हणून. सारा, वतन, कर्ज, वाटणी, फिर्याद यांच्याच निमित्ताने आपले पूर्वज लिहिले गेले. म्हणून माणूस शोधायचा तर आधी त्याची जमीन शोधावी, आणि कागद हाती आला की पहिल्यांदा विचारावे: हा कोणी केला, आणि कशासाठी?

सुरुवात अर्थातच घरातून. सर्वांत वयस्कर बाईपासून करावी, पुरुषापासून नव्हे. पुरुषाला जमिनीची वाटणी पाठ असते. कोण कुठून सून होऊन आली, कोणती नणंद कुठे दिली, कोणते मूल कोणत्या साथीत गेले हे आजीला पाठ असते. कुलदैवत, देवक, लग्नात पहिली अक्षत कोणत्या गावाला जाते, जावळ कुठे काढतात, हेही विचारून घ्यावे. घराणे गाव सोडते, पण मूळ गावच्या देवाचा नैवेद्य बहुधा सोडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे तुकाराम-बाळाजी-तुकाराम-बाळाजी अशी साखळी लागते आणि दोन पिढ्या सहज एक होऊन बसतात. वर्ष कळल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नये.

वर्ष कळायला पहिली मदत गावच्या शाळेची. जिल्हा परिषदेच्या, पूर्वीच्या लोकल बोर्डाच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरमधून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. त्यात वडिलांचे नाव, जात, धंदा, कधी मूळ गावही असते. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. म्हाताऱ्या माणसांपैकी इतक्या जणांचा जन्म १ जूनचा निघतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि मुलाचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचला की गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे.

यानंतर सातबारा. आजच्या उताऱ्यावर फक्त आजचे खातेदार असतात. खरे घबाड त्यावरच्या फेरफार क्रमांकात असते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून जमिनीचा हक्क बदलला की गाव नमुना ६ मध्ये नोंद पडते. एक फेरफार काढला की त्यात त्याआधीच्याचा दाखला मिळतो, आणि असे मागे मागे जाता येते. यात लोक हमखास अडतात ते गट नंबरापाशी. तुकडेजोड-तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगाव एकत्रीकरण झाले आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणाचा तक्ता मागून घेतला नाही तर आजोबांची जमीन कागदावरून नाहीशीच होते. कूळकायद्यानंतरच्या नोंदीही सोडू नयेत. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर जी कुळे मालक झाली, त्यातल्या कितीतरी घराण्यांचे नाव सरकारी कागदावर मालक म्हणून तेव्हाच पहिल्यांदा आले.

वारसाचा एखादा जुना फेरफार नीट वाचून बघण्यासारखा असतो. नोंद साधारण अशी: अमुक बिन तमुक हे मयत, वारस मुलगे तीन, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. आई, बायको हयात, मुली दोन, लग्न होऊन सासरी नांदतात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ येते, म्हणजे अमक्याची बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि थोरल्या भावाच्या नावापुढचे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आता या तीन ओळींत काय काय आहे बघा. खातेदार तरणाताठा गेला असावा, कारण एक मूल अजून अज्ञान आहे. विधवेने घर सांभाळले. लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन लेकी होत्या, ज्यांची नावे घरच्या वंशावळीत कोणी घेतलेली नाहीत. मुलींची नावे पुढे बहुतेक वेळा ‘इतर हक्कात’ जातात आणि नंतर हक्कसोडपत्राने तिथूनही कमी होतात. राज्यात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्याआधीच्या काळातली आत्या, आजी, पणजी शोधायची तर हक्कसोडपत्र हाच सर्वांत भरवशाचा कागद. जिने हक्क सोडला तिचे नाव त्या सोडण्यामुळेच टिकले, हे वाचताना वाईट वाटते.

जमिनीच्या कागदांत न सापडणारी माणसे गाव नमुना १४ मध्ये सापडतात. ही जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पाने मोडीत असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव असते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली. मृत्यूच्या बाजूला कारण लिहिलेले असते: ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने मिळाली तर ती अवश्य उलटावीत. इन्फ्लुएंझाची ती साथ, आपल्याकडची मानमोडी, एकेका घरातून दोन-तीन माणसे घेऊन गेली. आपल्या घरातला एखादा मुलगा मामाकडे का वाढला, एखादी शाखा एकाएकी का खुंटली, याचे उत्तर अनेकदा त्या साथीच्या पानांत असते.

मोडीला लोक उगाच घाबरतात. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवत जायची, हात कमीत कमी उचलायचा, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एवढे कळले की महिना-दोन महिन्यांच्या सरावाने छापील नमुने वाचता येतात. हाताच्या घाईतल्या अक्षराला जास्त वेळ लागतो. त्याहून जास्त घोळ घालतात ती वर्षे. पेशवाईतल्या कागदावर ‘सीत सबैन मया व अलफ’ असे दिसले की घाबरू नये. हे अरबी अंक आहेत: सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७६. या सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५ येतो. वर्ष सुरू होते सूर्य मृगात शिरताना, शेतकऱ्याच्या पेरणीबरोबर. म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. फसली सनाला ५९०, शकाला ७८. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिना. अचूक तारीख हवी तर मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री बघावी.

१८५० च्या आगेमागे इंग्रजांची पैमाश नगर जिल्ह्यात झाली आणि प्रत्येक शेताला नंबर, आकार आणि खातेदार मिळाला. त्याच्याही मागे जायचे तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर. कोट्यवधी कागद, कापडी रुमालांत बांधलेले; त्यात रोजकीर्दी, म्हणजे रोजचे जमाखर्च आहेत, प्रांत अजमास, म्हणजे प्रांतांचे अंदाजी जमाखर्च आहेत. १८५२ च्या इनाम कमिशनपुढे वतनदार-इनामदारांनी आपला हक्क सांगणाऱ्या कैफियती आणि वंशावळी दिल्या. तेही कागद मोलाचे. नगर शहरात १९६० मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्रातही मोडी दप्तराचा मोठा संग्रह आहे, आणि तिथपर्यंत गावाकडून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

या जुन्या कागदांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो थळझाडा. गावची जमीन पूर्वी थळांत वाटलेली असे, आणि थळ ओळखले जाई ते मूळ मिरासदार घराण्याच्या नावाने. थळझाड्यात ती सगळी थळे ओळीने लिहिलेली. घराणे निर्वंश झाले किंवा परागंदा झाले की त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून दाखवत, पण थळाचे नाव तेच राही. त्यामुळे ज्या आडनावाचे आज गावात एकही घर नाही, ते शंभर-दोनशे वर्षांपूर्वी तिथे नांदत होते हे कळते. आपण दुष्काळात आलो असे ज्या घरात सांगतात, त्यांनी आपले नाव मूळ गावच्या गतकुळांत शोधावे.

वतनाच्या तंट्यातला महजर हाही असाच जिवंत कागद. गोतसभा भरायची, साक्षी व्हायच्या, निवाडा लिहायचा आणि खाली गावाच्या निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारही आपापल्या हत्याराचे चित्र काढायचे. ज्या सुताराला, लोहाराला अक्षर येत नव्हते तो त्या चित्राने त्या दिवशी तिथे हजर असल्याचे आजही सांगतो. पण महजर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. वतनासाठी बनावट कागद तेव्हाही व्हायचे, आणि निकाल लागला नाही की दिव्य करायची वेळ यायची. एका बाजूची कैफियत मिळाली तर दुसऱ्या बाजूचीही शोधावी.

नगर जिल्ह्यात काही कागद मुळात नाहीतच, आणि त्यालाही इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि बघता बघता तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. शेतकरी बहुतेक ठिकाणी माणसे मारायला आले नव्हते. त्यांना खते, गहाणपत्रे, हुकूमनामे हवे होते. ते ताब्यात घेऊन चव्हाट्यावर जाळले. आपला पणजा कोणाचा किती देणेकरी होता हे सांगणारा कागद त्या होळीत गेला असेल, तर तो त्याने स्वतःच्या हाताने जाळलेला असू शकतो. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोरच लिहावा अशी तरतूद त्यात होती. म्हणजे दंग्याने एक दप्तर जळले आणि त्यातूनच नवे दप्तर उभे राहिले. आयोगाच्या छापील अहवालात गावे, कर्जे, माणसांची हकीकत आहे. पारनेर-श्रीगोंद्याच्या माणसाने तो जरूर चाळावा.

आतापर्यंत सांगितले ते जमीनवाल्यांचे. ज्यांच्याकडे सातबाराच नव्हता त्यांनी काय करावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महार घराण्यांची नावे वतनाच्या कागदांत असतात. ही कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, तेव्हाच्या फेरफारांत कोणत्या घरांची जमीन होती हे येते. दुसरे साधन मिशनचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले, नेवासे तालुक्यात वडाळ्यापर्यंत ते पसरले, आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाला. महार-मांग घरांतली जी माणसे ख्रिस्ती झाली त्यांची नावे बाप्तिस्म्याच्या वहीत आहेत, आणि मिशनच्या वार्षिक अहवालांत गावांची वर्णने आहेत. धर्म न बदललेल्या शेजाऱ्यांनाही त्यातून आपले गाव दिसते.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ डांगाणातल्या महादेव कोळी घरांचे पूर्वज कधी कधी पोलिसांच्या कागदांत आरोपी म्हणून भेटतात. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी दिले. त्या बंडाचा पत्रव्यवहार लिहिणारे त्यांचे शत्रू होते, तरी डोंगरातल्या वाड्या आणि माणसे त्यातून कळतात. भटक्यांचे तर सगळेच अवघड. गुन्हेगार जमाती कायद्याने जी नोंद झाली ती संशयिताची, आणि त्यातून त्या जमाती मुक्त झाल्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. आज त्यांच्याकडून जुन्या दाखल्याची मागणी करणे म्हणजे ज्याला गावात राहू दिले नाही त्याला गावची नोंद मागण्यासारखे आहे. त्यांची वंशावळ माणसांच्या तोंडी होती, आणि ती एकत्र यायची पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, कानिफनाथाच्या यात्रेत, जिथे अनेक भटक्या जमातींच्या पंचायती भरत. जुने पंच आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून घेण्यासारखे तातडीचे दुसरे काम नाही.

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पैठणचे तीर्थोपाध्ये हा सर्व जातींना उपयोगी पडणारा ठेवा. गावाचे नाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात, आणि त्यात कोणत्या साली कोण आले, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या हे निघते. हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने करून ठेवली आहे. गोदाकाठच्या वह्या मात्र अजून बऱ्याचशा त्या त्या घरांतच आहेत. आपली नोंद बघायला जावे तेव्हा घरातल्या सध्याच्या सगळ्यांची, सुना-लेकींसकट, नावे लिहून द्यावीत.

शोध अडला तर बहुतेक वेळा सीमा आड आलेली असते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला. त्याआधीचे तिकडचे बरेच कागद नगरच्या नावाने असतात. पाथर्डी पूर्वी शेवगाव तालुक्यात, श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. श्रीगोंदे आणि जामगाव शिंद्यांकडे, चौंडी ही अहिल्याबाई होळकरांची जन्मभूमी. या भागातली घरेच्या घरे शिंदे-होळकरांच्या लष्करासोबत ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूरकडे गेली, तेव्हा ‘भाऊबंद ग्वाल्हेरला’ ही दंतकथा समजून सोडून देऊ नये. जामखेडची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती, त्यामुळे त्या बाजूच्या घरांचा माग बीडकडच्या दप्तरात निघतो. उलट कोपरगाव-श्रीरामपूरच्या कालव्यांवरची बरीच माळी बागाईतदार घराणी विसाव्या शतकात सासवडकडून आली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या पाण्याने माणसे ओढून आणली. या माळी घराण्यांनी श्रीरामपुरात खापरपणजोबा शोधण्यात अर्थ नाही. ते सासवडकडे, पुरंदर तालुक्यात सापडतील.

गाव समजून घ्यायला १८८४ चे कॅम्बेलसाहेबांचे नगर जिल्ह्याचे गॅझेटियर हाताशी असावे. पण शिवारही वाचावे. जुन्या वस्तीची पांढरी, जिथे नांगराला खापऱ्या लागतात. महसुली यादीत ‘बेचिराख’ म्हणून राहिलेले गाव. वेशीबाहेरचे, शेंदूर फासून देव झालेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड. ही सगळी गावाची नोंदच आहे, फक्त तिच्यावर नाव नाही. नाव नसलेल्या वीरगळाला आपला पूर्वज ठरवायचा मोह मात्र टाळावा. तसेच पैसे घेऊन थेट एखाद्या राजघराण्याशी नेऊन भिडवणाऱ्या वंशावळी. त्यात मधल्या दहा पिढ्यांना ना साल असते ना गाव.

वंशावळ मांडताना प्रत्येक नावाखाली ते कुठून मिळाले हे लिहावे: फेरफार क्रमांक आणि साल, नमुना १४ चे गाव, उपाध्यायांची वही, किंवा ‘आत्याने सांगितले’. ऐकीव आणि लेखी यांची शाई वेगळी ठेवावी. घरात निघालेला मोडी कागद लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. सपाट ठेवून फोटो काढावा आणि कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळावा. सगळे जुळले की एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक शाळेत द्यावी. त्या वंशावळीत शेजारच्या चार घरांची साक्षीदार म्हणून, सावकार म्हणून, सोयरे म्हणून नावे आलेली असतात, आणि त्यांच्या घरी तो कागद नसतो.